सिस्टर तेल्मासाठी गाऱ्हाणं

पट्टीचं टोक धरून सिस्टर तेल्मा वाकली, तेवढ्यात कृष्णनाथ गावकरांनी पाय मागे ओढून घेतला.

"आदी मंत्र म्हण, मगे पट्टी," ते म्हणाले.

"कसलो मंत्र, आजो?"

"पट्टी बांधताना तू पुटपुटतंस तो. म्हयनोभर झालो, तू तोंड उघडूक नाय. म्हणून तर जखम सुकना नाय."

खरं तर जखम छान भरत आली होती. पायाच्या अंगठ्याची, मधुमेहानं चिघळलेली आणि भलती चिवट जखम. तेल्मानं ती रोज येऊन धुतली होती, आणि शेवंतीआजींनी भाताचं पातेलं नवऱ्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवलं होतं. पण कृष्णनाथांच्या लेखी हे सगळे वरवरचे उपाय. पाय वाचला तो मंत्रानं.

"तो मंत्र न्हय, आजो. प्रार्थना."

"काय आसात तां म्हण."

म्हाताऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तेल्मानं डोळे मिटून आवे मारिया, मेरीमातेची प्रार्थना, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. एक शब्द गाळला नाही. कृष्णनाथांनीही डोळे मिटून, मान किंचित कलती करून ती ऐकली. मग त्यांनी मान हलवली.

"न्हय. ह्यो पोकळ."

चहा घेऊन आलेल्या शेवंतीआजी दारातच थबकल्या.

"अवो, जनाची नाय तर मनाची तरी बाळगा. देवाच्या माणसाक पोकळ म्हणतास?"

"तिका खंय म्हटलंय? मंत्राक म्हटलंय."

तेल्माला हसू आलं. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तिनं कापसाच्या पुडीत उगाच काहीतरी शोधायला सुरुवात केली. म्हाताऱ्यानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

मोझांबिकमधल्या बैरा शहरातून ती गोव्यात, पेडण्याच्या या गावात आली, त्याला तीन वर्षं होत आली होती. चॅपेलामागच्या बैठ्या घरात ती आणि म्हाताऱ्या सिस्टर फिलोमेना अशा दोघीच राहत. गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जायचं, जखमा धुवायच्या, अंग पुसायचं, हे तिचं काम. घर कुणाचं, देव कुणाचा, हे विचारायचं नाही. भाषेनं तिला फारसं छळलं नाही. तिच्या घरच्या पोर्तुगीजमधले शब्द इथंही होते: खिडकीला जनेल म्हणत, टेबलाला मेज, आणि सकाळी दारात येई तो पाव. पहिल्याच आठवड्यात तिला आपण आईच्या स्वयंपाकघरात वावरतोय असं वाटलं होतं. लोकांनी तिला काजू दिले, आमसुलं दिली आणि न मागता ढीगभर सल्ले दिले. सगळं चांगलं चाललं होतं. आटली होती ती फक्त प्रार्थना. रोज पहाटे ती गुडघे टेकायची, शब्द म्हणायची, आणि रिकाम्या घरात हाक मारल्यासारखं वाटून उठायची. औषधावरचा विश्वास उडालेल्या डॉक्टरानं दवाखाना कशासाठी चालवायचा? तिची मुदत संपत होती. सोमवारी संध्याकाळी बैराहून मठप्रमुख मदरचा फोन यायचा होता: आणखी तीन वर्षं राहणार, की परत येणार? तेल्मानं मनाशी ठरवून टाकलं होतं. परत जायचं. फिलोमेनाशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आजो," ती म्हणाली, "माजी प्रार्थना पोचना नाय. सोमवारी मी सांगतलंय, मी घरा येतंय म्हणून."

शेवंतीआजींनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

कृष्णनाथांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

"तुजो देव खंयचो?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडचो."

"तसो सगळ्यांचोच आसता गो. पण म्हयनोभर हाकेक जाप नाय म्हणजे मदी कायतरी घोटाळो आसा." त्यांनी पाय पुढे केला. "बांध पट्टी. आणि सोमवारी सकाळी देवळाकडे ये. भायेर बसलंस तरी चलात."

देवळाकडे जायचं म्हटल्यावर सिस्टर फिलोमेना काय म्हणेल, याची तेल्माला धाकधूक होती. फिलोमेनानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"वच," ती म्हणाली. "पूण वतांत बसूं नाका." जाण्याला तिची हरकत नव्हती, उन्हात बसण्याला होती.

सोमवारी देवळापुढे जत्रा असावी तशी गर्दी होती. त्याला कारणही तसंच होतं. देवापुढे नारळ ठेवून गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान कृष्णनाथांच्या घराण्याचा. त्यांचा पाय बिघडल्यापासून पुतण्या सर्वेश ते काम बघत होता, आणि सर्वेशला कायम कुठंतरी पोचायचं असे. मोटारसायकल चालू ठेवून तो पायऱ्या चढायचा आणि 'सगळ्यांचा बरा कर म्हाराजा' एवढं घाऊक मागून उतरायचा. घाऊक मागणं देव तरी कसं ऐकणार? गावाचं मत पडलं की, सध्या जे जे बिघडलंय ते सर्वेशच्या घाईमुळे. आज पहिल्यांदाच कृष्णनाथ काठी टेकत पायऱ्या चढले होते, आणि ज्याचं त्याचं तुंबलेलं गाऱ्हाणं घेऊन माणसं आली होती.

तेल्मा आवाराच्या कडेला, फणसाच्या सावलीत बसली.

"बा देवा रवळनाथा!" कृष्णनाथांचा आवाज उठला. दुखणाईत माणसाचा तो वाटेना. "बारा वाड्यांच्या, बारा वहिवाटींच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं आवार एका सुरात म्हणालं.

"माजो पाय सुजलो म्हणून तुज्या दारात येऊक जमाक नाय. तू काय माज्या घराकडे येऊक नाय. म्हणजे फिटांफिट. राग धरू नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग कमलच्या मुलीची परीक्षा आली. सगुणच्या रिक्षाचं इंजिन आलं. कृष्णनाथ विनवणी करत नव्हते. घरातल्या थोरल्या माणसाला चार गोष्टी सुनवाव्यात तसे बोलत होते, थोडं दमात घेऊन. तेल्माला गंमत वाटली आणि थोडा हेवाही वाटला. आपल्या देवाशी आवाज चढवून ती जन्मात बोलली नव्हती.

"आणि म्हाराजा, ही आमची तेल्मा बाय!"

तेल्मा दचकली.

"दर्यापलीकडसून इली. ह्या गावचे कुजके पाय धुता, घाण काढता, पण तोंड वाकडा करूक नाय."

"व्हय म्हाराजा!"

"तिची हाक तिच्या देवाक पोचना नाय. आता तिचो देव तुका अनोळखी न्हय. थंय चॅपेलात रवता, तुजो शेजारी तो. तेवा आज तू ऊठ, त्याच्या दारात जा आणि सांग, चेडू कधीपासना हाक मारता, तेका जाप दी! नाय दिलास तर आमी तुमका दोगांकय इचारतलों!"

"व्हय म्हाराजा!"

हा होकार आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता. फणसावरचे कावळे उडाले. तेल्माला हुंदका आवरेना. तीन वर्षं ती या माणसांची नावं घेऊन गुडघे टेकत होती, पण आई गेल्यापासून तिच्यासाठी कुणी कुठल्याच देवाच्या दारात उभं राहिलं नव्हतं. इथं अख्खा गाव उभा होता आणि तिच्या वतीनं भांडत होता.

कृष्णनाथ थांबले. ज्याचं गाऱ्हाणं, त्यानंही होकार द्यायचा अशी रीत. सगळ्या माना फणसाकडे वळल्या.

"म्हण गो," जवळच उभी असलेली कमल पुटपुटली.

तेल्मा उभी राहिली. त्यांचा होकार म्हणावा तर घेतलेलं व्रत आडवं येत होतं, गप्प राहावं तर एवढ्या मायेचा अपमान. तिनं हात जोडले.

"आमेन!"

स्वतःलाच दचकवेल इतक्या मोठ्यानं ते निघालं. माना आता कृष्णनाथांकडे वळल्या. कृष्णनाथांनी क्षणभर विचार केला.

"चलता," ते म्हणाले आणि देवाकडे वळले. "आता आमच्या घरची म्हस, म्हाराजा. दोन दिस झाले, पान्हो सोडना नाय. रेडकू उपाशी."

"व्हय म्हाराजा!"

"आमेन," तेल्मा म्हणाली. या वेळी तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती म्हैस तिच्या ओळखीची होती. एक शिंग मोडकं, स्वभाव तिरसट. रोज सकाळी दारात तेल्माला ढुशी मारल्याशिवाय आत सोडत नसे. तिनं पान्हा सोडावा, ते लुकडं रेडकू पोटभर प्यावं, असं तेल्माला फार मनापासून वाटलं. सोड गं बाई. देवा, तिला सोडायला लाव, ते पोर उपाशी आहे, तुला दिसत कसं नाही! ती चांगलीच तावातावानं बोलत होती. आपण प्रार्थना करतोय हे तिच्या मग लक्षात आलं. ती थांबली नाही.

संध्याकाळी फोन वाजला. पलीकडच्या खोलीत सिस्टर फिलोमेना शिवण घेऊन बसली होती, पण सुई हलत नव्हती.

"काय ठरवलंस, मुली?" मदरनं विचारलं.

"राहते, मदर."

"आणि प्रार्थना? तू म्हणत होतीस..."

"आज एका म्हशीसाठी मागितलंय." हे बैरातल्या माणसाला कसं सांगावं ते तिला सुचेना. "तिचं काय होतं ते बघितल्याशिवाय मला निघता येणार नाही."

मदर आता रागावणार, अशी तेल्माची खात्रीच झाली.

"नाव काय तिचं?" मदरनं विचारलं. "मीही मागते."