विहीणबाई एक पायरी वर

गॅसवर दूध ठेवून नम्रताने सवयीने फोन उघडला आणि तिच्या कपाळावर आठी चढली. कौशल्याबाई वर गेल्या होत्या. म्हणजे तसे नव्हे. विहीणबाई चांगल्या ठणठणीत होत्या. त्या गेममध्ये नम्रताच्या वर गेल्या होत्या, अगदी एकच पायरी, पण वर ते वरच. दूध उतू गेले, ओट्यावरून खाली आले, तरी ती त्या नावाकडेच बघत राहिली.

खेळ तसा साधा. रंगीत मणी सरकवायचे, एका रंगाचे तीन जुळले की ते फुटतात, खाली अडकलेल्या कुंड्या मोकळ्या होतात आणि आपण एक पायरी चढतो. त्याचे खरे नाव इंग्रजीत लांबलचक होते. घरात सगळे त्याला ‘मणी’ म्हणत. खेळायला फुकट. पाच जीव मिळतात. ते संपले की नवा जीव येईपर्यंत हात चोळत बसायचे, नाहीतर पैसे भरायचे. नम्रताने आजवर एक छदाम भरला नव्हता. सदाशिव पेठेत ती नववी-दहावीच्या गणिताचे क्लास घेई, आणि पैसे भरून कोडे सोडवणे हे तिच्या लेखी पेपर फोडण्याइतकेच पाप होते. ‘ज्याला डोकं नाही त्याने पाकीट काढावं,’ असे ती म्हणे. हे वाक्य तिला स्वतःलाच फार आवडे.

मणी तिला शिकवले ते निकिताने, तिच्या एकुलत्या एक लेकीने. शेवटची बॅच सुटली की दोघी सोफ्यावर पाय वर घेऊन बसत आणि एकीच्या फोनात दुसरी बोट घाली. निकिताच्या पोटातले सगळे त्या सोफ्यावरच ओठांवर यायचे. कोण मुलगा मागे लागलाय, ऑफिसातली मॅनेजर कशी खडूस आहे, आणि एकदा, एका अडलेल्या पायरीवर मणी सरकवता सरकवता, विश्वजीतचे नाव. जगातली कुठलीही गोष्ट निकिता आधी आईला सांगे, मग बाकीच्यांना. नम्रताला याचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

विश्वजीत यवतमाळचा, नोकरीसाठी पुण्यात आलेला. मांजरीत नव्या सोसायटीत त्याचा फ्लॅट, वडील नाहीत, आई जवळ. लग्न छान झाले. पाठवणीच्या वेळी आपल्याला रडू फुटेल या भीतीने नम्रताने उपदेश सुरू केला. ‘तिथे सोफ्यावर लोळून फोनात डोकं खुपसून बसू नकोस. मुलीला कोणी काही म्हणत नाही, आईला नावं ठेवतात.’ निकिताने मान डोलावली. त्या दिवसापासून मण्यांमधले तिचे नाव होते त्या पायरीवरच थिजले. आणि महिन्याभरात त्यांच्या टीममध्ये, जिचे नाव निकितानेच ‘आपली माणसं’ ठेवले होते, एक नवे नाव आले. कौशल्या. पहिल्या पायरीवर.

‘हौस म्हणून खेळत असतील,’ असे म्हणून नम्रताने सुरुवातीला मोठ्या मनाने एक जीवही पाठवला होता. त्याचा तिला आता पश्चात्ताप होत होता. कारण ती हौस झपाट्याने वर चढू लागली. त्यात निकिताचे फोन. पूर्वी रोज येत, आता दोन-चार दिवसांनी येत आणि आले तरी विषय एकच. ‘आई, मम्मींनी काल पाटवडीचा रस्सा केला, सुपर!’ ‘आई, मम्मी ना इतक्या चिल आहेत!’ ‘आई, मम्मी बघ, तुझ्या जवळ आल्या हं!’ मम्मी, मम्मी, मम्मी. पंचवीस वर्षे डबे भरले कोणी, तापात कपाळावर घड्या ठेवल्या कोणी, आणि शेजारी बसून मणी फोडतेय कोण! आयत्या बिळावर नागोबा, दुसरे काय. नम्रता जळत होती, अगदी उघड जळत होती, आणि ते न कळणारे घरात कोणी नव्हते. ‘वास येतोय,’ असे तिचा नवरा अनिरुद्ध पेपरातून मान वर न काढता म्हणे.

‘त्या नक्की पैसे भरतात,’ ती म्हणाली.

‘भरू देत. त्यांचे आहेत.’

‘मुद्दा पैशाचा नाहीये. मुद्दा लबाडीचा आहे.’

गेल्याच रविवारी ती दोघे मांजरीला जेवायला गेली होती. नम्रता मनात पक्का प्रश्न घेऊनच गेली होती. मध्येच एक भयंकर अवघड पायरी होती, साखळदंडांनी बांधलेल्या कुंड्यांची. तिच्यावर नम्रता कित्येक दिवस अडकली होती आणि विहीणबाईंनी ती एकाच संध्याकाळी ओलांडली होती. ताटे वाढली जात असताना तिने अगदी सहज विचारल्यासारखे विचारले, ‘विहीणबाई, ती साखळदंडांची पायरी कशी हो सोडवलीत? आधी कोपरे फोडलेत की मधला भाग?’

कौशल्याबाईंच्या हातातली वाटी थबकली. ‘झालं बाई कसंतरी,’ त्या म्हणाल्या. ‘मले काय समजते त्यातलं! तुम्ही भाजी घ्या ना अजून.’ आणि लगबगीने आत गेल्या. निकिता पापड आणायला म्हणून त्यांच्यामागे गेली, आणि स्वयंपाकघरातून दोघींच्या दबक्या हसण्याचा आवाज आला.

नम्रताने पुढ्यातली भाजी नुसतीच चिवडली. कोडे ज्याने स्वतः सोडवले तो रीत सांगू शकतो. हे ती वर्गात रोज सांगे. ज्याला रीत सांगता येत नाही, त्याने उत्तर विकत घेतलेले असते. आणि त्याहून मोठे दुखणे म्हणजे ते हसणे. तसे हसणे आजवर सदाशिव पेठेतल्या स्वयंपाकघरात ऐकू येत असे.

आणि आज ही बाई वर. दिवसभर नम्रताने त्रिकोणमिती शिकवली, पण फळ्यावरच्या शिडीचे गणित आले तरी तिला मण्यांचीच शिडी दिसत होती. संध्याकाळी शेवटची बॅच सुटल्यावर तिने पुन्हा पायरी लावली. पाचही जीव गेले. शेवटच्या डावात एकच कुंडी उरली होती, एकच. पडद्यावर नेहमीप्रमाणे दुकान उघडले. रोज ती ते तुच्छतेने बंद करी. आज तिने चष्मा लावला.

एकदा लाज सोडली तरी सदाशिव पेठ सुटत नाही. तीन पाकिटे होती: लहान, मधले, मोठे. अडलेली कुंडी फोडायला तिला हवे होते जेमतेम दोन हातोडे, आणि ते लहान पाकिटात होते. पण नम्रताने हिशेब मांडला. एका हातोड्यामागे पैसे किती, एका जीवामागे किती. मोठे पाकीट उघडउघड स्वस्त पडत होते. इतक्या वस्तू त्या पैशात कोणी देत नव्हते. त्याच्यावर चार हसऱ्या चेहऱ्यांचे चित्र होते आणि खाली बारीक अक्षरात टीमबद्दल काही लिहिले होते. ती शोभा असेल, असे समजून तिने पिन दाबला.

‘भाजीवाल्याकडे कोथिंबीर फुकट मागणारी बाई ती हीच का?’ अनिरुद्ध मागे उभा होता.

‘अहो, तुम्ही तुमचा पेपर वाचा.’

हातोडा बसला, कुंडी सुटली, पायरी सर. आणखी एक. आणखी एक. पाकिटातले सगळे जीव उडाले, पण कौशल्या हे नाव खाली गेले आणि नम्रताच्या काळजाला असा गारवा मिळाला की तिने उठून स्वतःसाठी चहा टाकला. चहा गाळून येते तो काय, कौशल्या पुन्हा बरोबरीला! कप हातात धरून ती बघत असतानाच ते नाव वर सरकले. मग आणखी वर. थोड्या वेळापूर्वी या बाईंचे जीव संपलेले होते, हे टीमच्या यादीत तिने स्वतः पाहिले होते. एवढ्यात फोन वाजला. खुद्द विहीणबाई.

‘काहून एवढा खर्च केला बाप्पा तुम्ही?’ कौशल्याबाईंचा आवाज आनंदाने फुटत होता. ‘अन् तोही सगळ्यांसाठी! माह्या फोनवर आलं ना, नम्रता यांच्याकडून टीमला भेट म्हणून. पाच जीव, हातोडे, काय काय! लई मोठं मन हाये तुमचं.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. स्वस्त पडत होते, कारण त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही वाटा धरलेला होता. आपल्याच पैशाचे हातोडे आपल्याच डोक्यावर बसत होते, आणि वर ही बाई आभार मानत होती.

‘अहो, त्यात काय एवढं,’ नम्रता कशीबशी म्हणाली.

‘असं कसं! निकितानं तर उडीच मारली सोफ्यावर. म्हणे, आता आईला मागं टाकतेच बघा…’ आणि पलीकडून आवाज एकदम थांबला.

नम्रताने कप खाली ठेवला. ‘निकिता मागे टाकते? माझ्या पुढे तर तुम्ही आहात.’

‘घ्या. निघालं तोंडातून,’ कौशल्याबाई हळू आवाजात म्हणाल्या. ‘मले कुठं येते हो तो खेळ? मले तर ते सगळे मणी सारखेच दिसतात. माह्या फोनवर तीच खेळते. तुम्ही लग्नात बजावलं होतं ना तिले, फोनात डोकं घालू नको म्हणून? तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून तिनं स्वतःच्या फोनातून काढूनच टाकला तो. मग दोन-चार दिवस तोंड एवढंसं करून बसली पोरगी. मीच म्हटलं, माह्या फोनवर खेळ, कोणाले सांगत नाही मी. म्हणाली, मम्मी, आईला मात्र कळू देऊ नका. तुम्ही नका रागावू तिले. अन् मी सांगितलं हेही बोलू नका बरं.’

‘नाही बोलत,’ नम्रता म्हणाली आणि फोन ठेवला.

चहावर साय धरली. हरल्याचे तिला काहीच वाटत नव्हते. लबाडी, पैसे, पायऱ्या, सगळे एका क्षणात फिजूल झाले होते. मुली सासूपासून गोष्टी लपवतात आणि त्या आईच्या पोटात ठेवतात, जगाची रीत ही. तिच्या मुलीने आईपासून लपवले होते आणि सासूच्या पोटात ठेवले होते. तेही आईच्याच धाकाने. आजवर तिला रश्शाचा मत्सर वाटला, हसण्याचा वाटला. पण या एवढ्याशा गुपिताचा वाटला तितका कशाचाच वाटला नव्हता.

थोड्या वेळाने निकिताचा फोन आला.

‘आई! तू पैसे भरलेस? तू?’

‘चुकून बोट लागलं.’

‘हो का! मम्मी फुल खूश झाल्यात, माहितीये? गेल्यासुद्धा तुझ्या पुढे.’

‘बघितलं मी.’ बोलून टाकावे, असे नम्रताच्या अगदी जिभेवर आले. मला माहीत आहे, सोने, तूच आहेस ती. पण बोलले की दुसऱ्या दिवशी तो फोनही मिटणार, तो सोफाही सुना होणार, आणि मग त्या शिडीवर आईच्या मागे लागायला कोणीच उरणार नाही. ती म्हणाली, ‘ती साखळदंडांची पायरी त्यांनी फार हुशारीने काढली. मला नाही जमली तशी.’

‘खरंच, आई?’ निकिताचा आवाज दहावीचा निकाल ऐकतानाचा होता.

‘खरंच. माझ्याहून चांगलं खेळतात. सांग त्यांना.’

‘सांगते!’ निकिता म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आधीच तिची हाक ऐकू आली, ‘मम्मी, ऐकलंत का, आई काय म्हणाली?’

लेकीला शाबासकी मिळाली. ती विहिणीच्या नावाने द्यावी लागली, आणि आता आनंदही तिथेच, विहिणीच्या गळ्यात पडून साजरा होत असणार. नम्रताने गार झालेला चहा ओतून दिला आणि नवा जीव कधी येतो याची वाट बघत सोफ्यावर बसली.