कोठाराच्या तुळईतला भुंगा

आमच्याकडे घर, जमीन, भाताचं कोठार सगळं बाईचं. जावई बायकोच्या घरी राहायला येतो, आणि त्याला आम्ही जळक्या बुंध्यावरची राख म्हणतो. वारा आला की उडाली! माझा धाकटा जावई सुतान मांगकुतो मात्र टिकून होता. उतारावर त्याने मार्किसाचे, आंबट-गोड रसाच्या फळाचे, वेल मांडवावर चढवले. फुलं बशीएवढी, पण फळ धरेना. याही हंगामात धरलं नाही तर तो युस्मार्नीला घेऊन पाडांग शहरात आपल्या भावाच्या दुकानावर जाणार होता. युस्मार्नी माझी शेवटची लेक; थोरल्या आधीच नवऱ्यांमागे शहरात गेल्या. ती गेली की या घराला माझ्यामागे बाई उरत नाही.

त्या सकाळी मी कोठाराच्या तुळईखाली ओल्या पाल्याचा धूर केला. काळ्या, पिवळ्या पाठीच्या भुंग्यांनी तुळईला गोल गोल भोकं पाडली होती.

सासू-जावयाने तोंडाला तोंड देऊन भांडणं शोभत नाही. म्हणून तो बायकोकडे बघून म्हणाला, "आमाकना, तुझ्या आईला सांग, धूर नको. फळ धरवणारा तोच आहे."

"तुझ्या नवऱ्याला सांग, लाकूड पोखरणारा चोर फळं धरवत नसतो. फुलावर येतो तो निराळा."

मिरच्या वाटता वाटता युस्मार्नी म्हणाली, "मला पिंजऱ्यात घालून पेरू द्या आता, झालेच मी पोपट!"

सुतान म्हणाला, "मुंगीएवढी माशी येते, ती नुसते पराग पळवते. पोळ्यातली माशी खालून रस पिऊन जाते. ज्याची पाठ फुलातल्या वरच्या टोकांना घासते असा हा एकटाच. भुंगा म्हणतो आपण, पण तीही माशीच."

"एवढं बघत बसायला फावतं होय!" मी म्हणाले.

पण हरणं माझ्या रक्तात नाही. मी धूर विझवला, तोंडाला लावायचं तांदळाचं पीठ आणलं आणि प्रत्येक भोकाच्या तोंडाशी फासलं. "फुलावर पांढरा भुंगा दिसला नाही, तर तुळईसकट जाळीन. मग कुणी मध्ये पडायचं नाही."

फुलं उमलल्यावर आम्ही तिघं मांडवाखाली बसलो. बारक्या माश्या आल्या. अंगाला पीठ नाही. पोळ्यातली आली. तीही तशीच. मी पानाचा विडा तोंडात टाकला आणि जावयाकडे बघून मजेत चघळू लागले.

मग घूं करत एक जड भुंगा उतरला. फूल खाली झुकलं. पायांना, पोटाला पांढरं पीठ. तो पाकळ्यांवर गोल फिरला, तशी परागांनी पाठ भरली. तीच पाठ पुढच्या फुलाच्या टोकांना घासली.

सुतान उठून मांडवाची सुटलेली गाठ बांधू लागला. शहाणा. एक शब्द बोलला असता, तर मी त्याच दुपारी तुळई पेटवली असती.

"युस्मार्नी," मी म्हणाले, "ती तुळई जुनी झालीय. मला बदलायचीच होती. संध्याकाळी भुंगे आत गेले की चिंध्यांनी भोकं बुजवा, उतरवा आणि मांडवाला बांधा. सकाळी चिंध्या काढा."

"आमाक, ती तर गेल्याच वर्षी घातली—"

"मिरच्या झाल्या का वाटून?"

हळूहळू सुकल्या फुलांमागे हिरव्या गोट्या फुगल्या. पाडांगहून भावाचा फोन आला. सुतान त्याला म्हणाला, "दुकानाला दुसरा माणूस बघ." मग युस्मार्नीमार्फत विचारलं, ओढ्याकडचा पडीक तुकडा वेलांसाठी मिळेल का.

"आधी हे पिकू दे म्हणावं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्या तुकड्यातलं तण काढायला बाई लावली.