झिजली नाही, भरली आहे

मित्रांनो, मी एक जुनी बर आहे. 'बरं' नव्हे, बर. टंगस्टन कार्बाइडची, म्हणजे पोलादाहूनही कडक. करंगळीच्या टोकाएवढं माझं निमुळतं डोकं, त्यावर एकमेकांना छेद देणारे आडवे-उभे बारीक दात आणि खाली पोलादी दांडी. हवेवर चालणाऱ्या यंत्रात बसवलं की मी मिनिटाला वीस हजार फेरे घेते आणि पोलाद कोरते. सांगताना जरा फुशारते, तेवढं चालवून घ्या.

माझं डोकं आणि दांडी वेगवेगळी जन्मली. काळी पूड दाबून, भट्टीत भाजून डोकं झालं. हिऱ्याच्या चाकावर त्याला दात पाडले आणि चांदीचा डाग देऊन ते दांडीला जोडलं. तो सांधा फार तापला की डोकं निखळतं. शिवाय आम्ही कडक खऱ्या, पण ठिसूळ. एकमेकींवर आपटलो की दात उडतात.

मला निवडलं ओबेलीन अमिरोने. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या दक्षिण टोकाला, धक्क्याशेजारी तिचं बोटी दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. पोलादाला आमच्यासारख्या बारीक दातांच्या, ॲल्युमिनियमला मोठ्या मोकळ्या दातांच्या, असा तिचा हिशेब पक्का. मेपलच्या फळीला भोकं पाडून तिने प्रत्येकीला वेगळं घर दिलं होतं. माझं तिसरं. काम संपलं की पितळी ब्रशने दात घासायची आणि मगच जेवायला जायची.

पुढे तिचे हात कापायला लागले आणि जावई फर्मिन कामाला उभा राहिला. माणूस मनाचा चांगला, पण सदा घाईत. एकदा हाताला आली म्हणून त्याने मला ॲल्युमिनियमच्या झाकणावर चालवलं. मऊ धातू दातांत गच्च बसला आणि मी नुसती घसरायला लागले. "झिजली," म्हणून त्याने मला कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकलं. मेपलच्या फळीवर मग कप ठेवले जाऊ लागले. चार वर्षं मी त्या डब्यात होते. कोणी डबा हलवला की मी जीव मुठीत धरायची.

मग तो रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी पहाटे लॉबस्टर, म्हणजे मोठी शेवंडं, पकडायचा हंगाम उघडणार होता. धक्क्यावरच्या सगळ्या बोटी सापळ्यांनी भरलेल्या. आणि बोटवाला लेआँद्र सुरेत आपल्या सुकाणूचा पोलादी दांडा खांद्यावर घेऊन आत आला. दांड्याला आडवी पट्टी जोडली होती, त्या कोपऱ्यात भेग होती. बोटीवर त्याच्या दोन्ही मुली असायच्या.

"फर्मिन, वरून वेल्डिंग मार बाबा. सहाला सुटायचंय."

ओबेलीन खुर्चीतून उठली. "माझ्या भावाच्या सुकाणूला असंच वरून मारलं होतं. तो परत आला नाही. भेग मुळापर्यंत कोरायची, मगच भरायची."

त्या कोपऱ्यात शिरेल अशी एकच नवी बर होती. फर्मिनने तिची दांडी लांब बाहेर काढून बसवली आणि जोर लावला. ती थडथडली, निळी पडली आणि तिचं डोकं निखळून खाली पडलं. फर्मिनने यंत्र बंद केलं. रविवारी दुकान उघडं मिळणार नव्हतं.

ओबेलीनने डबा टेबलावर ओतला. चष्मा लावून एकेक बर खिडकीशी धरली. दात उडालेल्या बाजूला सारल्या. माझ्यापाशी ती थांबली.

"जावईबापू, हिला कोणी टाकलं?"

"मीच. झिजली होती ती."

"झिजली नाही, भरली आहे. एवढा फरक कळत नाही, आणि म्हणे वर्कशॉप सांभाळतो."

तिने दारं-खिडक्या उघडल्या, हातमोजे घातले आणि मला मोरी साफ करायच्या कॉस्टिकच्या पाण्यात सोडलं. ॲल्युमिनियम फसफसून सुटू लागलं. मी भ्याले होते. दात मोकळे झाले तरी आता ते चालतील का, हे मलाही ठाऊक नव्हतं.

धुऊन, पुसून तिने माझी दांडी थोडीच बाहेर ठेवून मला यंत्रात बसवलं. तिचे हात कापत होते, म्हणून यंत्र फर्मिनच्या हाती दिलं आणि त्याच्या मनगटावर आपला हात ठेवला. "दाबू नकोस. एका जागी थांबू नकोस. तिचं काम तिला करू दे."

सुईसारखा कीस उडायला लागला. मी पोलाद खात होते, मित्रांनो, चार वर्षांनी. मग ओबेलीनने भेगेत मुरणारा लाल रंग मारला, पुसला, पांढरी पूड फवारली. पुडीतून बारीक लाल रेघ वर आली, म्हणजे भेग अजून होती. पुन्हा कोरलं. पुन्हा रेघ.

लेआँद्रने घड्याळाकडे पाहिलं. "बाई, केसाएवढी राहिलीय. चालेल आता."

"भावाचीही केसाएवढीच होती."

तिसऱ्या वेळी माझा एक दात उडाला. कळ डोक्यात गेली, पण फर्मिनचा हात हलका होता, म्हणून मी टिकले. पुन्हा रंग, पुन्हा पूड. तिघेही वाकून बघत राहिले. पूड पांढरीच राहिली. लेआँद्र उलट्या बादलीवर बसला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला. मग फर्मिनने वेल्डिंग केलं.

चौथ्या दिवशी वादळ आलं. तीन बोटी ओढून आणाव्या लागल्या. लेआँद्रची बोट आपल्याच सुकाणूवर वळून धक्क्याला लागली. त्याची धाकटी मुलगी ओल्या कपड्यांनीच सरळ वर्कशॉपमध्ये आली. "आजी, ती बर कोणती?" ओबेलीनने मला तिच्या तळहातावर ठेवलं. तिने मूठ मिटली. मूठ गरम होती.

फर्मिनने फळीवरचे कप उचलले, भोकं साफ केली आणि मला तिसऱ्या घरात उभं केलं. आता माझ्याकडे बारीकसारीक कामंच येतात, एक दात नाही ना. तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल. त्यातलं काही फेकायचं झालं तर आधी उजेडात धरून बघा, एवढंच माझं मागणं आहे.