कच्च्या फोटोतली शाल

"चिमणे, मूळ कधी पुसायचं नाही. छापलेला फोटो पुन्हा छापता येतो, मूळ गेलं की गेलं." काका हे आपल्या पुतणीला नेहमी सांगायचे. म्हणून तर मी आजवर राहिलो.

मित्रांनो, मी एक जुना कच्चा फोटो आहे. कॅमेऱ्याने जेवढा उजेड पाहिला, तेवढा सगळा माझ्यात आहे, पण तो अजून चित्र झालेला नाही. मी म्हणजे मळून झाकून ठेवलेलं पीठ. मला चित्राचं रूप द्यायला संगणकातलं एखादं सॉफ्टवेअर लागतं, आणि भाजणारा हात बदलला की चवही बदलते. तोंड असून मला बोलता येत नाही. तेही माझं नव्हे, माझ्यात बसलेल्या काकूंचं.

काकांचा फोटो काढायचा धंदा होता. पहिल्या फोटोत ते गिऱ्हाइकाच्या हाती करड्या रंगाचा पुठ्ठा द्यायचे. करडा रंग करडा दिसला की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. मोडला तो फक्त माझ्या वेळी.

काकू खिडकीपाशी प्रार्थना करून नुकत्याच उठल्या होत्या. स्वतः रंगवलेल्या लोकरीची, स्वतः विणलेली शाल त्यांच्या अंगावर होती. काकांनी सवयीने पुठ्ठा पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "मी काय तुमचं गिऱ्हाईक आहे? ठेवा तो पुठ्ठा. माझा रंग तुम्हाला पाठ नाही होय इतक्या वर्षांनी?"

काका हसले आणि त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला. त्या क्षणी माझा जन्म झाला.

पुढे काकू देवाघरी गेल्या. धंदा पुतणीकडे आला. मी कॅमेऱ्याच्या जुन्या कार्डात, एका डबीत पडून होतो, कोणी विचारत नव्हतं. मग काकांचा एक डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, दुसराही हळूहळू जाणार, गेलेली नजर परत येत नाही. काकांनी पुतणीजवळ एकच मागणं मागितलं.

"दिसतंय तोवर मला ती एकदा होती तशी बघू दे गं."

"दाखवते काका," ती म्हणाली. शब्द देऊन बसली बिचारी!

तिने मला एका सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. काकू गुलाबी झाल्या, शाल निळी. दुसऱ्याने शाल हिरवी केली, पण चेहऱ्यावरचे बारीक ठिपके घालवताना गालावरचा तीळही घालवला. तिसऱ्याने तीळ ठेवला, सुरकुत्याही ठेवल्या, पण काकू आजारी दिसू लागल्या. तिन्ही फोटो माझ्यातूनच निघाले होते. मी कोणाला खरं म्हणू? माझ्यात पुठ्ठा नव्हता. आतल्या आत मी नुसता देवाचं नाव घेत राहिलो.

पुतणीने तिन्ही फोटो छापून काकांसमोर ठेवले. काकांनी प्रत्येक फोटो नाकाशी नेला.

"ही कोण बाई पावडर लावून आलीय?" पहिल्याला ते म्हणाले. मग तो पुन्हा डोळ्याशी नेला. "माझंच चुकत असेल. हल्ली मला दूधसुद्धा पिवळं दिसतं. तिचा रंग पाठ आहे म्हणून पुठ्ठा ठेवला होता ना मी?"

मित्रांनो, मला काहीच करता येत नव्हतं.

पुतणी बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. ही कळ फिरव, ती कळ फिरव. शाल कधी तळ्यासारखी, कधी शेवाळासारखी. शेवटी तिने संगणक बंद केला आणि काकूंच्या बहिणीला फोन लावला.

"मावशी, काकूची ती शाल कुठे असेल गं?"

"कुठे म्हणजे? माझ्या पायांवर! गुडघे धरतात ना थंडीत. मळलीय थोडी, पण उन्हात एकदाही घातली नाही. रंग उडेल म्हणून तशी तंबीच होती तिची. का गं?"

"थोडे दिवस देशील?"

"थोडे दिवस कशाला, कायमची ने. माझ्या गुडघ्यांना दुसरी बघेन."

काका खुर्चीतून ऐकत होते. म्हणाले, "शाल आणून काय होणार, चिमणे? माझा डोळाच खोटं बोलतोय."

"बोलू दे की काका. शालीबद्दल आणि फोटोबद्दल सारखंच खोटं बोलेल. दोन्ही शेजारी ठेवू. जुळेपर्यंत मी छापत राहीन."

मित्रांनो, ती शाल मळली आहे, काकांचा डोळा मावळतो आहे. फोटो आधी जुळेल की अंधार आधी येईल, मला ठाऊक नाही. तुमच्या घरीही माझ्यासारखे कच्चे फोटो असतील, त्यांना जपा. पण आम्हाला सगळंच आठवत नाही हो. माणूस समोर आहे तोवर त्याच्याकडे नीट बघून घ्या.

शाल आणायला निघताना पुतणीने तिन्ही फोटो पिशवीत घातले. काकांच्या गुडघ्यांवर पांघरूण सारखं केलं. मग चपला हातात घेऊनच ती दारापर्यंत गेली, कारण त्यांचा डोळा लागला होता, आणि बाहेर पडून तिने दार आवाज न करता ओढून घेतलं.