वायर उपटायचा दिवस

चालती मशीन मोनालीला बघवत नाही, ही कडूबाईची सुनेबद्दलची तक्रार होती आणि उस्मानपुऱ्यातल्या घराच्या ओट्यापासून शेंद्र्यातल्या कारखान्याच्या फाटकापर्यंत ती ऐकली नाही असा माणूस उरला नव्हता. लोकांच्या सुना बंद पडलेली वस्तू दुरुस्त करून आणतात. आपली सून चांगल्या चालत्या मशीनची वायर उपटते आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहते, आता काय होतंय म्हणून. वर कुणी बोललंच तर म्हणते, पडायचंच असेल तर माझ्यासमोर पडू दे. असं बोलणाऱ्या पोरीला इंजिनियर करून तिच्या आईबापांनी काय मिळवलं, हे कडूबाईला कधी उमगलं नाही.

कडूबाईचा स्वतःचा जन्म मशीन चालू ठेवण्यात गेला होता. तिचा नवरा सर्जेराव दुसऱ्याच्या कारखान्यात रबराच्या प्रेसवर होता. मग एक जुनी हातप्रेस घेऊन दोघांनी पत्र्याच्या शेडमध्ये वॉशर पाडायला सुरुवात केली. सर्जेराव दाब द्यायचा, कडूबाई गरम साच्यातून माल काढून कडा कातरायची. प्रेस एकदा थंड झाली की साचा तापता तापत नाही, म्हणून मुलाच्या, अभयच्या वेळी कळा सुरू झाल्या तरी तिनं आधी साच्यातला माल काढला आणि मग रिक्षा बोलवायला सांगितली. शाळा तिची दुसरीपर्यंत. पण कारखान्याची मालक म्हणून नाव तिचंच लागलं होतं आणि ते ती कुणाला विसरू देत नसे.

आता सर्जेराव नव्हता. सम्यक रबर वर्क्समध्ये प्रेसची रांग लागली होती. बाहेरचा व्यवहार अभय बघायचा आणि कॉम्प्युटरचं सगळं त्याची बायको मोनाली. एक सल मात्र कडूबाईच्या मनात जुनाच होता. त्यांचा माल गाड्यांच्या मोठ्या कंपनीत जायचा तो आप्पासाहेब नावाच्या बड्या पुरवठादाराच्या खोक्यांतून. वॉशर यांचे, खोक्यावर नाव त्याचं. आता पहिल्यांदाच कंपनीनं थेट माल घ्यायची तयारी दाखवली होती. तिथं प्रत्येक खोक्यावर क्रमांकाचं लेबल लागतं. लेबल नाही तर खोकं फाटकाच्या आत घेत नाहीत, आणि खोकं अडलं की तिकडं गाड्यांची अख्खी लाईन उभी राहते. म्हणून लेबल छापणारा कॉम्प्युटर कधीच अडून बसता कामा नये, अशी अट होती. ते बघायला कंपनीच्या सुलेखा मॅडम येणार होत्या. लेबलांचं काम ज्यांच्यावर चालतं त्या दोन मोठ्या कॉम्प्युटरांपैकी, म्हणजे सर्व्हरपैकी, एक चालत्या कामात बंद पाडायचा. लेबल पुन्हा निघालं तर खोक्यावर सम्यकचं नाव, नाही निघालं तर आहेतच आप्पासाहेब.

यावरून घरात तोंडातोंडी होऊन गेली होती. अभयचं म्हणणं, मोठ्या ठिकाणी असतं तसं डिस्कांचं वेगळं कपाट घेऊ. सर्व्हर दोन, पण सगळी माहिती त्या एका कपाटात. मोनाली म्हणाली, कपाट बिलकुल नको. दोन्ही सर्व्हरच्या पोटात आपापल्या डिस्क आहेत, तेवढ्या पुरतात. एकीकडं जे लिहिलं जाईल ते त्याच दमात दुसरीकडंही लिहायचं, आणि दोन्हीकडं लिहून झाल्याशिवाय झालं म्हणायचं नाही. कपाट एकच घेतलं आणि तेच बसलं, तर दोन सर्व्हरना काय हार घालून ठेवायचा?

कडूबाईला हे तत्काळ पटलं होतं, पण सुनेसमोर तसं दाखवायची तिची पद्धत नव्हती. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही अशा शहरात तिनं संसार केला होता. दोन बिऱ्हाडांनी एका टाकीवर भरवसा ठेवला की काय होतं, ते तिला कुणी शिकवायला नको होतं. ज्याची त्याची टाकी पाहिजे, एवढंच बोलून तिनं अभयचं तोंड बंद केलं.

तिला उलगडेना ते पुढचं. मोनाली म्हणायची, लेबल छापणारी मशीन ही खरी मशीनच नाही, व्हर्च्युअल मशीन आहे. तिला स्वतःचं अंग नाही. ती या लोखंडी सर्व्हरच्या आत राहते; हा मेला तर त्या दुसऱ्यात उठून बसते, कारण तिची सगळी लिखापढी तिथंही आहे. पॅकिंगच्या टेबलावरची पारूबाई हे ऐकून म्हणाली, म्हंजे अंगात येतं म्हणा की. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून असलं बोलायला लाज वाटू दे, म्हणून कडूबाईनं तिला झापलं. खरं म्हणजे तिच्याही मनात तेच आलं होतं.

आणखी एक छोटा डबा मोनालीनं फाटकाजवळच्या केबिनमध्ये बसवला होता. दोन सर्व्हरमधली तार तुटली तर दोघंही मीच मालक म्हणून एकदम लेबलं छापत सुटतील. अशा वेळी डबा ज्याच्या बाजूनं बोलेल त्यानंच काम करायचं आणि दुसऱ्यानं गप बसायचं. ही सोय मात्र कडूबाईला मनापासून आवडली. दोघांच्या भांडणात एक खमकं माणूस लागतंच, आणि आपल्या घरात ते कोण आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सुलेखा मॅडम आल्या त्या दिवशी कडूबाईनं पांढरं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. प्रेस धडाडत होत्या, पॅकिंगच्या टेबलावर खोकी सरकत होती आणि छपाईच्या यंत्रातून लेबलं सरसर बाहेर येत होती. लेबलावर सगळं इंग्रजी. पण कोपऱ्यात मोनालीनं मराठीत एक ओळ टाकली होती. कडूबाईनं एक लेबल हातात घेऊन अक्षर अक्षर लावत वाचलं: सम्यक रबर वर्क्स, शेंद्रा. ते तिनं पारूबाईला परत दिलं नाही, कमरेला खोचलं.

मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. पॅकिंगला लागून असलेल्या सर्व्हरच्या खोलीत त्या गेल्या. एक सर्व्हर या भिंतीला, दुसरा समोरच्या भिंतीला, दोघांची विजेची लाईन वेगळी. सगळं बघून त्या म्हणाल्या, वायर तुमच्या इंजिनियर मॅडमनी काढायची नाही, मीही काढणार नाही. यातलं काही कळत नाही अशा माणसाला काढू द्या.

अभय सुपरवायझरकडं बघायला लागला. तेवढ्यात कडूबाई पुढं झाली.

"मी उपटते. यातलं मला वाळूच्या कणाएवढं कळत नाय, साऱ्या शेंद्र्याला इचारा."

मोनालीनं तोंडावर हात घेतला, हसू लपवायला. कडूबाईनं पदर खोचला, वायर मुठीत धरली आणि तण उपटावं तशी एका हिसक्यात उपटली.

सर्व्हरचा आवाज विरत विरत बंद झाला. बाहेर लेबलही थांबलं. प्रेस चालू होत्या तरी कारखाना एकदम सुनसान वाटायला लागला. पारूबाईचा हात यंत्रापुढं तसाच पसरलेला. अभय कपाळ पुसत होता. कडूबाईच्या छातीत असं धडधडायला लागलं की तिला वाटलं, आपणच बंद पडतो की काय. मोनाली तेवढी समोरच्या सर्व्हरच्या दिव्यांकडं बघत उभी होती, दूध उतू जायची वाट बघावी तशी.

आणि यंत्र खरखरलं. एक लेबल बाहेर आलं. त्याच्या मागं दुसरं, तिसरं. मॅडमनी शेवटचं जुनं आणि पहिलं नवं लेबल शेजारी शेजारी धरलं. क्रमांकाला क्रमांक लागून होता. मधला एक गळला नव्हता की एक दुबार निघाला नव्हता. पारूबाई हळूच म्हणाली, आलं बघा अंगात, आणि या वेळी तिला कुणी झापलं नाही. प्रेसवरची माणसं दाराशी गोळा झाली. कुणी शिट्टी मारली.

कडूबाईला उधाण आलं. इतकी वर्षं थांबलं की मेलं एवढंच तिला ठाऊक होतं. थांबून पुन्हा उठणारी वस्तू ती आज बघत होती, आणि पाडली तीही तिच्याच हातानं. तिनं उपटलेली वायर परत खोचली. पहिला सर्व्हर घरघरत जागा झाला. दिवे लुकलुकायला लागले तशी ती मॅडमना म्हणाली, एकच काय बघता, दुसराबी बघा. असं म्हणत ती समोरच्या भिंतीशी गेलीसुद्धा आणि तिनं त्या सर्व्हरच्या वायरीला हात घातला.

मोनाली झेपावली आणि तिनं सासूचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाय."

शिट्ट्या थांबल्या. पॅकिंगच्या बाया, प्रेसवरची माणसं, परकी मॅडम, एवढ्या सगळ्यांदेखत सुनेनं मालकिणीचा हात धरला होता, आणि सोडत नव्हती. कडूबाईची कानशिलं तापली. आजवर तिच्या अंगाला कुणी असा हात लावला नव्हता.

मॅडमच्या भुवया वर गेल्या होत्या. त्यांनी विचारलं, म्हणजे उलट्या बाजूनं चालत नाही का? चालत असेल तर काढू द्या त्यांना. अभयच्या तोंडचं पाणी पळालं. हातचं काम निसटलं असं वाटून तो बायकोला म्हणाला, काढू दे ना आईला, कशाला अडवतेस.

मोनालीची पकड सैल झाली नाही. ती मॅडमना म्हणाली, पहिला सर्व्हर आत्ता कुठं उठलाय. तो पडला असताना जी लेबलं निघाली त्यांची खबर त्याला नाही, ती फक्त या दुसऱ्याकडं आहे. पहिला आता ती उतरवून घेतोय. उतरवून होईपर्यंत हा दुसराच आमचा एकटा आधार. आत्ता हा पाडला तर लेबल बंद. आणि जुन्याच माहितीवर पहिल्याला जबरदस्तीनं चालवलं तर तेच क्रमांक दुसऱ्या खोक्यांवर जातील. मग ती कडूबाईकडं वळली.

"मला खोटं दाखवायचं नाय, आई. थोडी कळ काढा. मग तुम्हीच उपटा."

वायर अजून कडूबाईच्या मुठीत होती. एक हिसका दिला असता तर मालकीण कोण ते सगळ्यांना दिसलं असतं, मॅडमचंही समाधान झालं असतं, निदान क्षणभर. सून खोटी पडली असती तर घरी जाऊन ते महिनाभर पुरलं असतं. कडूबाईनं मोनालीच्या चेहऱ्याकडं बघितलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी ती हात सोडत नव्हती. भ्यायलेलं माणूस असं धरत नाही. ज्याला पुढं काय होणार ते माहीत असतं, तेच असं धरतं.

तिनं मूठ उघडली.

"मॅडम, बसा," ती म्हणाली. "चहा घ्या. आमच्यात साच्यातनं अर्धा कच्चा माल काढत नाय."

चहा आला. कडूबाई दारातल्या स्टुलावर बसून दुखरं मनगट चोळत राहिली. मॅडम मोनालीच्या शेजारी उभ्या राहून पडद्यावर पुढं पुढं सरकणारी रेघ बघत होत्या आणि काही काही विचारत होत्या. मोनाली उत्तरं देत होती. आधी एकेक शब्दात, मग हात हलवून, मग दोघी कशावर तरी हसल्या. रेघ टोकाला पोचली. मोनालीनं मागं वळून नुसती मान हलवली.

या वेळी कडूबाईनं हिसका दिला नाही. दुसऱ्या सर्व्हरची वायर नीट धरून सरळ ओढली. लेबल थांबलं. आणि लेबल निघालं, पुढच्याच क्रमांकाचं. माणसं एवढी ओरडली की शेजारच्या कारखान्याचा वॉचमन बघायला आला. अभयनं पारूबाईलाच मिठी मारली. सुलेखा मॅडम म्हणाल्या, पहिला माल तुमच्याच नावानं पाठवा. आणि निघताना मोनालीला म्हणाल्या, मी म्हणतेय तरी तू सासूबाईंना वायर काढू दिली नाहीस, ते मला जास्त आवडलं.

गाडी फाटकाबाहेर गेली. आता कुणी कामावर परत जाईना. मालकीण सुनेला काय बोलते ते ऐकायला सगळी थांबली होती, आणि मोनालीलाही ते कळत होतं. ती मान खाली घालून समोर येऊन उभी राहिली. कडूबाई स्टुलावरून उठली, तिनं पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

"चारचौघांत सासूचा हात धरलास. एवढा घट्ट तर तुझ्या सासऱ्यानंबी कधी धरला नव्हता. बेअदब हाईस तू, अन् ती खोड काय आता जायाची नाय. तर ऐक. त्या खोलीत आजपासून तुझा हुकूम माझ्याबी वर. मी असो, अभय असो, नायतर कंपनी असो. पर खोलीच्या भायेर मालकीण मी हाय."