हिरव्या, पिवळी आणि अंगी न लागलेले दाणे

मित्रांनो, छपरीच्या वाशाला टांगलेला, दार तारेने आवळून बांधलेला हा पिंजरा दिसतो ना, तो मी. आता गंजलो आहे, पण माझा जन्म नागपूरचा. एका कारागिराने तारा वाकवून मला घडवलं, पांढरा रंग दिला आणि तळाला पत्र्याचा सरकता ट्रे बसवला. त्या ट्रेचा मला भारी तोरा होता. आज त्याची आठवण काढली तरी लाज वाटते.

गडचांदूरच्या सिमेंट कॉलनीत एका साहेबांच्या व्हरांड्यात माझी चार वर्षं मजेत गेली. चौऱ्याऐंशी साली साहेबांची बदली झाली. त्यांच्या बाईंनी आतल्या दोन चिमुकल्या परदेशी पोपटांसह, एक हिरवा नर आणि एक पिवळी मादी, मला घरकाम करणाऱ्या मंगलीच्या हाती दिलं. मंगली मला घेऊन गोंडपिपरीजवळच्या आपल्या गावी, बापाकडे आली.

तिचा बाप वारलू तीस वर्षं जंगल खात्याच्या रोपवाटिकेत राबलेला माणूस. बायको सोनीबाई गेल्यापासून त्याने तोंडाला जणू कुलूप लावलं होतं. मंगलीला त्याचाच घोर लागला होता. पण माझ्यातली किलबिल ऐकली आणि तिसऱ्याच दिवशी म्हातारा स्टूल ओढून माझ्यासमोर बसला.

"काय रे हिरव्या, जेवला का?"

त्या दिवशी चुलीपुढे बसलेली मंगली पदरात तोंड लपवून रडली. पुढे तर वारलूची बडबड थांबेना. मोहाला कुठे फुलं धरली, चारोळी कोणत्या टेकडीवर पिकली, हे सगळं तो हिरव्याला आणि पिवळीला सांगायचा. सोनीबाईच्या आठवणीसुद्धा सांगायचा. त्या घरात मला मान होता, मित्रांनो.

थंडी सुरू झाली आणि हिरव्याला खा-खा सुटली. दिवसभर तो राळ्याच्या बारीक दाण्यांच्या वाटीवरून हलेना. मधूनच मान झटकून ओकायचा आणि पुन्हा खायला लागायचा. पिसं फुलवून बसला की चांगला गुबगुबीत दिसे. वारलू खूश होता. मंगलीने मात्र ट्रे ओढला आणि ती थबकली.

"बाबा, हे पाहा. विष्ठेत दाणे जसेच्या तसे हायेत. हा खाते, पण याच्या अंगी लागून नाई राह्यलं."

वारलू हसला. "तुले काय समजते? जंगल कोण पेरते? पाखरूच पेरते ना! वडाचं बी, चंदनाचं बी पाखराच्या पोटातून आलं की लवकर उगवते. म्या हजार रोपं तशी केली."

त्याने ते दाणे वेचून मातीच्या पिशवीत टोकले. आठ दिवसांत हिरवे कोंब आले. ती पिशवी घेऊन म्हातारा गावभर मिरवला. तीस वर्षांचं त्याचं ज्ञान खोटं नव्हतं, पण ते या पाखराचं नव्हतं. मला रोज कळत होतं. हिरव्या येऊन बसला की माझ्यातली काठी पूर्वीसारखी झुकत नव्हती. पण पिंजऱ्याला कुठे तोंड असतं?

एका दुपारी हिरव्या ट्रेवर पडला. वाटी भरलेली होती, त्याची गळ्यातली पिशवीही दाण्यांनी भरलेली होती. वारलूने त्याला अंगणात पुरलं. ट्रेला चिकटलेलं त्याचं एक पीस काढायला म्हाताऱ्याचा हात धजला नाही. म्हणून मला कोणी धुतलं नाही. महिनाभरात पिवळीही मान झटकून ओकू लागली.

मग वारलू मला मांडीवर घेऊन एसटीने गोंडपिपरीच्या गुरांच्या दवाखान्यात गेला. तिथे सत्यशीलाबाई नावाच्या तरुण डॉक्टर नव्याने आल्या होत्या. त्यांनी हिरव्याची हकिगत ऐकून घेतली, पिवळीला अलगद धरलं आणि वारलूचं बोट तिच्या छातीवर ठेवलं. वरून गुबगुबीत दिसणाऱ्या पिसांखाली विळ्याच्या पात्यासारखं नुसतं हाड होतं.

"भाऊ, फळ खाणारं पाखरू बी टाकते, ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "पण हे दाणे खाणारं पाखरू. यानं दाणा पोटात दळला पायजे. अख्खा दाणा बाहेर येऊन राह्यला, म्हणजे पाखरू उपाशी हाय. पोटात बुरशीसारखं कायतरी वाढते. पुस्तकांत अजून त्याचं नाव पक्कं नाई, पण विष्ठेतून ते एकाचं दुसऱ्याले लागते. हिरव्या दुखण्यात पडला तवाच हिले वेगळी ठेवली होती काय? पिंजरा धुतला होता काय?"

वारलूने माझा ट्रे बाहेर ओढला. उत्तर मी होतो. हिरव्याच्या विष्ठेने बरबटलेला माझा ट्रे आणि दोघांची एकच वाटी. ज्याने सांभाळायचं, त्यानेच घात केला.

डॉक्टरीणबाईंनी नागपूरहून औषध मागवलं. ते आठव्या दिवशी आलं. पिवळी सहाव्या दिवशीच गेली होती.

वारलूच्या तोंडाला पुन्हा कुलूप लागलं. मंगली काही विचारायची आणि स्वतःच उत्तर देऊन कामाला लागायची. उन्हाळ्यात शेजारचा चैतू मैनेचं पिल्लू घेऊन आला. "मंगली, तो पिंजरा रिकामाच हाय, मले दे ना," तो म्हणाला. मंगलीने मला काढायला हात वर केला.

"नाई!" इतक्या महिन्यांनी म्हातारा बोलला. "त्यात मरण हाय. म्या पाहून बी पाह्यलं नाई. ते पिल्लू रानात सोड." मग त्याने मला उकळत्या पाण्याने घासलं, आठ दिवस उन्हात ठेवलं आणि तरीही दार तारेने आवळून टाकलं.

मला वाईट वाटलं, पण तो बरोबर होता. मित्रांनो, मोकळं पाखरू मोकळंच राहू द्या. तुमच्याकडे आधीच पिंजऱ्यातलं पाखरू असेल, तर रिकामी वाटी पाहून त्याचं पोट भरलं असं समजू नका. रोज त्याच्या छातीचं हाड चाचपा, ट्रे नुसता झाडू नका, नीट पाहा आणि धुवा. त्यातलं एक आजारी पडलं तर त्याच दिवशी दुसऱ्याला वेगळं करा.

हिरव्याच्या पोटातून आलेल्या त्या राळ्याचं बियाणं वारलू दर पावसाळ्यात अंगणात पेरतो. कणसं भरली की रानातल्या दाणे टिपणाऱ्या मुनिया येतात. वारलू त्यांना हाकलत नाही, छपरीत बसून पाहत राहतो. "खा वं बाई, खा," एवढंच म्हणतो. त्यांच्या तरी तो अंगी लागत असेल.