कोठाराला घातलेली शेवटची फेरी

हो, मीच बोलतेय. रस्त्याच्या कडेला एका अंगावर कललेली, पोटाखाली विटा लावलेली पांढरी गाडी दिसतेय ना, तीच मी. गाडी म्हणा, कॅम्पर म्हणा, चाकांवरची खोली म्हणा. मला स्वतःचं इंजिन नाही. कुणी ओढलं तर चालायचं, नाहीतर आहे तिथं उभं राहायचं. "बाईचाच जन्म गं तुझा," असं माझी मालकीण ओपल मला पुसता पुसता म्हणायची.

माझा जन्म इंडियानातला. ज्यांनी मला ठोकलं ती लांब दाढ्यांची माणसं स्वतः कधी मोटार चालवत नसत, त्यांच्या धर्मात बसत नाही म्हणे. सकाळी सायकलवरून यायची, दिवसभर लोकांसाठी फिरती घरं बांधायची आणि संध्याकाळी आपल्या न हलणाऱ्या घरी जायची. मला तेव्हा त्यांची कीव यायची. आता कुणाची कीव करावी, हेच कळत नाही.

पहिल्या मालकांनी मला दोन उन्हाळे फिरवलं आणि पोरं मोठी झाल्यावर विकून टाकलं. मग हर्लन आणि ओपल आले. हर्लन रेल्वेतून निवृत्त झालेला, ओपल शाळेच्या स्वयंपाकघरातून. राहतं घर त्यांनी विकून टाकलं होतं. ओपलनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. "ऑरेगॉनचा समुद्र दाखवतो तुला," हर्लन म्हणाला, मला त्याच्या ट्रकमागच्या आकड्याला जोडलं आणि निघाला.

आम्ही अर्ध्या वाटेवर, कॅन्ससपर्यंत पोचलो. तिथं हर्लनच्या छातीत कळ आली. गावातलं इस्पितळ बरं होतं, आणि गावाच्याच मालकीचं हे समोरचं कॅम्परचं आवार इस्पितळापासून जवळ होतं. चार दिवस थांबू म्हणून इथं आलो. ते चार दिवस कधी सरलेच नाहीत. वीज जोडली, पाणी जोडलं, सांडपाण्याची नळी जोडली. ओपलनं माझ्या खिडकीत जांभळ्या फुलांची कुंडी ठेवली. बाईनं कुंडी ठेवली की समजावं, मुक्काम पडला.

आजूबाजूची माणसंही अशीच अडकलेली. कुणी पवनचक्क्यांवर कामाला, कुणी घटस्फोट घेऊन आलेलं. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, मला सगळं कळायचं. हो, आहे मी चौकस. पातळ भिंतीच्या बाईला दुसरं काय करता येतं? रविवारी ओपल चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, रांधायची, सोबत दालचिनीचे गोड रोल. शेजारचा डेल्बर्ट, पाइपलाइनवरचा वेल्डर, वासावर यायचा. "ओपलबाई, चव बघायला कुणी हवंय का?" "चव बघायला एक चमचा लागतो, मेल्या. तू वाडगा घेऊन आलायस!"

या आवारात एक विचित्र चाल आहे. जागा गावाची, म्हणून इथं कुणी कायमचं राहत नाही असं दिसायला हवं. वसंतात एकदा आणि पानगळीत एकदा प्रत्येकानं आपलं घर जोडून फाटकाबाहेर काढायचं, पलीकडच्या धान्याच्या उंच पांढऱ्या कोठाराला फेरी घालायची आणि त्याच दिवशी स्वतःच्या चाकांवर आत यायचं. जो परतला नाही, तो निघून गेला असं धरतात. आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्या गाड्यांना नव्यानं आत घेत नाहीत. आत आहात तोवर आहात.

लोक कुरकुरायचे. हर्लननं मात्र त्या फेरीचा सणच करून टाकला. आदल्या संध्याकाळी माझ्या पोटातली पाण्याची टाकी काठोकाठ भरायचा. "प्रवासाला कुणी रिकाम्या टाकीनं निघतं का?" सकाळी ठेवणीतली हॅट घालायचा, ट्रकचं दार उघडून वाकायचा.

"बोला सरकार, कुठं जायचं?"

"समुद्र दाखवा म्हणते."

"जशी आज्ञा!"

कोठाराला वळसा घालून आम्ही परत यायचो. सगळे हॉर्न वाजवायचे. डेल्बर्ट ओरडायचा, "ओपलबाई, कसा होता समुद्र?" ती खिडकीतून म्हणायची, "खारट!"

एका वसंतात हर्लननं मला नवे टायर घातले. "बघ, कोरे करकरीत. आता तुला ऑरेगॉनला नेतोच. वचन." ओपलनं त्या टायरवर हात फिरवला होता, एखाद्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

त्यानंतर त्याची तब्येत ढासळतच गेली. वर्षं गेली. शेवटचं वर्षभर तर मी हललेच नाही. आवार सांभाळणारी रोंडा डोळ्यांवर कातडं ओढून बसली होती. आणि या जानेवारीत हर्लन गेला. माझ्याच पलंगावर, सकाळी, ओपल कॉफी गाळत असताना. तिनं दोन कप भरले होते.

मार्चमध्ये रोंडा दारात आली. आत येईना. "ओपलबाई, दोन फेऱ्या मी सोडल्या. आता गावचा माणूस फाटकात उभा राहून बघणार आहे. या वेळी निघावंच लागेल हो."

"निघेन की. घाबरतेस कशाला?"

हर्लनचा ट्रक तर त्याच्या आजारपणात विकला गेलेला. डेल्बर्ट म्हणाला, "माझा ट्रक काय शोभेला आहे?" मग तो माझ्या टायरपाशी बसला आणि इथल्या रिवाजाप्रमाणे खिशातलं नाणं काढून टायरच्या खाचेत उभं खुपसलं. नाण्यावरच्या माणसाचं टाळकं खाचेत बुडालं, म्हणजे टायर चांगला.

"कोरे आहेत, ओपलबाई!"

"हर्लननं घातलेत ते," ती मान ताठ करून म्हणाली.

अहो, मी काय सांगू! खाचा कोऱ्याच होत्या, चाललेच कुठं होते ते? पण इतकी वर्षं एका जागी भार सोसून, उन्हाथंडीत वाळून त्यांचं अंग आतून तडकलं होतं. आतल्या बाजूच्या चिरा कुणी वाकून पाहिल्या नाहीत. मला त्या पायांच्या भेगांसारख्या दुखत होत्या. इथली माणसं टायर किती झिजला ते बघतात, किती वर्षं उभा राहिला ते कुणी बघत नाही. ओपलनं संध्याकाळी नळ लावून माझी टाकी काठोकाठ भरली, हर्लन भरायचा तशी. त्या ओझ्यानं माझा ऊर दडपला.

सकाळी डेल्बर्टनं कुठूनतरी एक हॅट पैदा केली होती. दार उघडून तो वाकला. "बोला सरकार, कुठं जायचं?"

जानेवारीनंतर ओपल पहिल्यांदा हसली. "समुद्र दाखवा म्हणते."

फाटक ओलांडलं. लोकांनी हॉर्न वाजवले. कोठार मागं पडत आलं, फाटक पुन्हा दिसायला लागलं, आणि वळणावर माझा उजवा टायर फुटला. रबराचे पट्टे सुटून चाबकासारखे माझ्या पोटावर बसले. तळाची फळी फाटली, टाकीची नळी तुटली, चाकांचा आस वाकला. मी बसले ती इथंच.

ओपल ट्रकमधून उतरून धावत आत आली. मी कलले त्या बाजूला टाकीतलं पाणी घोट्याइतकं साचलेलं. ती पलंगाच्या कडेला बसली, चपलांसकट पाय पाण्यात. पायानं पाणी जरासं ढवळलं. मग म्हणाली, "आला बाई एकदाचा समुद्र."

डेल्बर्ट दारात हॅट हातात घेऊन रडत होता, एवढा दांडगा माणूस.

त्यानं आणि आणखी दोघांनी दिवस मावळेपर्यंत खटपट केली. वाकलेला आस सरळ होईना. फाटक इतकं जवळ की हाक मारली तर ऐकू जावी. रोंडा आली. "ओपलबाई, माझ्या हातात असतं तर..."

"ठाऊक आहे गं. जा तू, थंडी आहे."

ओमाहाहून ओपलची भाची तिला न्यायला आली. सामान गाडीत चढलं. कुंडी तेवढी राहिली, भाचीकडं मांजरं आहेत, ती झाडं टिकू देत नाहीत. जाताना ओपलनं फुटलेल्या टायरकडं पाहिलं. कोऱ्या खाचांवरून बोट फिरवलं. आणि हळूच म्हणाली, "कोरे आहेत म्हणाला होता हर्लन. ऑरेगॉनला नेईन म्हणाला होता. सगळं नुसतं बोलणंच."

पोटाची फळी फाटली त्या वेळी मला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं ते लागलं.

माझ्या जागेवर आता दुसरा कॅम्पर आलाय, नवा चकचकीत. मला उचलून भंगारात न्यायला क्रेन येणार आहे. त्याचं मला काही नाही. पण तुमच्यापैकी कुणी ओमाहाकडं गेलंच, भाचीच्या घरी वरच्या खोलीत बसलेली ओपल भेटलीच, तर तिला सांगा, हर्लन खोटं बोलला नव्हता. टायर कोरेच होते. चालले असते तर टिकले असते. उभं राहून गेले ते.

एवढं सांगा. आणि इथवर आलातच, तर त्या खिडकीतल्या कुंडीला घोटभर पाणी घाला. माझ्या टाकीत आता थेंबही नाही.